पार व परिसर

कोंढा, ता. पवनी
१८ ऑगस्ट २०२४

प्रिय रीना,

जय भीम. परवान्याच्या परीक्षेचा निकाल लागल्यापासून तू गप्प आहेस आणि मीही. तुझंही माझ्यासारखंच झालं असणार, असं धरून हे पत्र लिहिते आहे. पास झाली असतीस तर सगळ्यांच्या आधी तूच ओरडली असतीस.

पत्र बघून हसू नकोस. फोन मी धाकट्या भावाला, अश्वजितला देऊन टाकला. त्याला नागपूरला आयटीआयसाठी लागतोच, आणि माझ्या हातात असला की मी दिवसभर पास झालेल्यांचे फोटो बघत बसते. घरात बाबांचा बटनांचा फोन आहे, पण त्यावर बोलायचं तर छपरीत उभं राहावं लागतं आणि सगळी वस्ती कान देते.

नियमांच्या पेपरात मला अडुसष्ट मिळाले, आराखड्याच्या पेपरात एकतीस. हवे होते पन्नास. उलटं झालं असतं तर समजून घेतलं असतं. नियम मला पाठ होत नाहीत, हे कॉलेजमध्ये पाच वर्षं तूच बघितलंस. पण आराखडा?

तो प्रश्न आठवतो ना? ‘गावातील पार व परिसर यांचा विचार करून ज्येष्ठ नागरिक व मुले यांच्यासाठी वाचनकट्टा आखा.’ मी तो वाचून मनातल्या मनात नाचले होते. आमच्या तलावाची पार डोळ्यांपुढे उभी राहिली. पारीवर ढिवरांची जाळी वाळत असतात, बायका धुणं घेऊन येतात, ऊन उतरलं की म्हातारे तिथेच येऊन बसतात. मी पारीच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांचा कट्टा काढला, पाण्याकडे तोंड करून. माती खचू नये म्हणून पाया मागे घेतला. सांडव्याची बाजू मोकळी सोडली. आजवर मी काढलेलं ते सगळ्यात चांगलं चित्र होतं, रीना.

पदवी भिंतीवर लावून ठेवली आहे, पण परवान्याशिवाय नकाशावर सही चालत नाही, हे बाबांना अजून नीट कळलेलं नाही. वस्तीत विहाराशेजारी अभ्यासिका मंजूर झाली आहे. सही झालेला नकाशा मार्चअखेर जमा करायचा आहे. बैठकीत तुलारामकाका म्हणाले, “मंगरू, ठेकेदाराजवळ तयार नकाशा हाय. लावून टाकू.” तर बाबा उभे राहिले, “तयार नकाशा कायले? मंग माही पोरगी शिकली कायले? सही तिचीच राहीन.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी बायकांत बसले होते. मला टाळी वाजवता आली नाही.

जानेवारीत परत बसायचंच. तू तुझा आराखडा आठवून पुन्हा काढ आणि पाठव. माझा सोबत पाठवते आहे. एकमेकींच्या चुका शोधू. आणि एक सांग. फेरतपासणीचा अर्ज सप्टेंबरअखेरपर्यंत करता येतो. करू का? आपल्या वर्गातून मराठी माध्यम भरणारी मी एकटीच होते, आणि तू तेव्हाच मला वेड्यात काढलं होतंस. त्यामुळे तर काही झालं नसेल ना, असंही मनात येतं. तू म्हणशील तसं करेन.

तुझी,
खुशबू

•

पुणे
३ सप्टेंबर २०२४

प्रिय खुशी,

तुझं पत्र आलं तेव्हा खोलीतल्या मुलींना वाटलं, मला कोर्टाची नोटीस आली. आता सगळ्या विचारतात, “गावाकडचा कोणी आहे का?” मी हो म्हणून सांगितलं. तेवढीच किंमत वाढली.

ऑफिसात सध्या मी एका बावीस मजली इमारतीचे संडास काढते आहे. फक्त संडास. जिने काढणारी मुलगी वेगळी आहे आणि ती स्वतःला माझ्याहून वरची समजते. तुमसरला आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “बावीस मजल्याचे काढून राहिली, अन् आपल्या घरी एक काढाले तुह्या बापाले दहा वर्ष लागले.” वर म्हणते, “अन् हे ‘मला, मला’ काय लावलं? ‘मले’ म्हणाची लाज वाटते का?”

निकालाचं काय बोलू? जाऊ दे.

तुझा आराखडा पाहिला. कल्पना चांगली आहे, खरंच. मला वाटतं सफाई कमी पडली असेल. तुझ्या रेषा जोडावर एकमेकींना ओलांडतात, अक्षरं लहानमोठी होतात. तपासणारे एका कागदाकडे किती वेळ बघणार? फेरतपासणीच्या भानगडीत पडू नकोस. मिळत काही नाही, मन मात्र जातं. जानेवारीकडे बघ.

माझा आराखडा सोबत आहे. नीट बघ. सावकाश बघ. काही विचारावंसं वाटलं तर विचार.

तुझी,
रीना

•

कोंढा
८ ऑक्टोबर २०२४

प्रिय रीना,

जय भीम. तुझा आराखडा उघडला आणि कळलं, तू का गप्प होतीस ते.

अगं वेडे, तलाव कुठे आहे? तू तर वडाच्या झाडाभोवती गोल ओटा काढून ठेवलास! सावली सुंदर पडली आहे, म्हाताऱ्यांसाठी टेकायला पाठ दिली आहेस, मुलांच्या पुस्तकांचे कप्पे ओट्याच्या पोटात घेतलेस, ते तर मला सुचलंच नसतं. पण प्रश्नात झाड होतं कुठे? पार होती! तुमसरची असून पार विसरलीस? पुण्याचं पाणी लागलं तुला. ‘सावकाश बघ’ का लिहिलंस तेही आता समजलं. स्वतःच्या तोंडानं सांगायची लाज वाटली ना? माझ्याजवळ कसली लाज? रडू नकोस. घाईत प्रश्न चुकीचा वाचला जातो, कोणाकडूनही. तुझी चूक एका वाचण्याची आहे. ती जानेवारीत सुधारेल. माझी हाताची आहे, तिला वेळ लागतो.

म्हणून मी हातावरच बसले आहे. तुझं ऐकून फेरतपासणीचा अर्ज केला नाही. मुदत गेल्या आठवड्यात संपली. रोज सकाळी आडव्या रेषा, दुपारी उभ्या, मग अक्षरं. आई विळा घेऊन धान कापायला जाता जाता म्हणते, “काय व, दिवसभर रेघाच वढून राहिली. रांगोळी टाकाची असंल त दारात तरी टाक.” यंदा मी कापणीला गेले नाही. शेजारच्या पार्वताबाईंनी बांधावरून आईला विचारलं, “शकुन, पोरगी बिमार हाय का?” आई म्हणाली, “नाही, नकाशा हाय.” जसं काही ते दुखण्याचंच नाव आहे.

अभ्यासिकेचा नकाशा मी पूर्ण केला. बाबांनी तो गुंडाळी करून कपाटावर ठेवला आहे आणि आल्यागेल्याला खालूनच दाखवतात. उघडू देत नाहीत. म्हणतात, सही झाल्यावर उघडू.

परीक्षेचा अर्जही भरला. माध्यम मराठी. तू पुन्हा हसशील. पण ज्यांच्यासाठी घरं आखायची त्यांच्या भाषेत मला परीक्षा देता येत नसेल, तर त्यांच्याशी मी बोलणार कशात?

तू अर्ज भरलास की नाही, ते कळव.

तुझी,
खुशबू

•

पुणे
१९ ऑक्टोबर २०२४

प्रिय खुशी,

मी पास झाले आहे. त्याच निकालात. आराखड्यात त्रेसष्ट.

तू धरून चाललीस की मीही नापास, आणि मी ते तसंच राहू दिलं. आधी वाटलं, पुढच्या पत्रात सांगू.

आता दुसरं सांगते. ते याहून वाईट आहे. इंग्रजी पेपरात तलावाचं नावही नव्हतं. गावातल्या मोठ्या झाडाभोवतीचा बांधलेला ओटा, असं लिहिलं होतं. इकडे पश्चिमेला त्याला पार म्हणतात. मला माहीत नव्हतं, खुशी. पेपर मराठीत आला असता तर मीही तलावच काढला असता. तुझं पहिलं पत्र वाचून मी जिने काढणाऱ्या मुलीला विचारलं, पार म्हणजे काय? ती म्हणाली, “पार म्हणजे पार. झाडाचा.” तुझ्यासारखंच. जसं काही त्यात विचारण्यासारखं काही नाहीच.

तेव्हाच तुला लिहायला हवं होतं. माझ्यानं झालं नाही. एका शब्दापायी तू नापास झालीस, हे तुला कळूच नये असं वाटलं. म्हणून सफाईचं लिहिलं. तुझ्या रेषांत काही वाईट नाही. मग वाटलं, माझा आराखडा बघून तुझं तुलाच कळेल, मला सांगावं लागणार नाही. आणि तू माझीच समजूत काढलीस. ते पत्र मी ऑफिसच्या जिन्यात बसून वाचलं.

फेरतपासणी मागितली असतीस तर निदान भांडता आलं असतं. आमच्याकडे पार म्हणजे हीच, असं सांगता आलं असतं. ती वाट मी बंद केली. माफी कशी मागतात मला माहीत नाही.

रीना

•

पुणे
१५ डिसेंबर २०२४

प्रिय खुशी,

पत्र मिळालं का? मिळालं असेल तर शिव्या तरी पाठव. काकांच्या बटनांच्या फोनवर केला होता. काकू म्हणाल्या, “अभ्यास करून राहिली बाई, मंग बोलंल.” मागे तुझा आवाज ऐकू आला.

माध्यम आता बदलून मिळत नाही, मी विचारलं. मागच्या परीक्षांचे दोन्ही भाषांतले पेपर मिळवले आहेत, ते पाठवते. शेजारी ठेवून ताडून बघ. कुठला शब्द आपल्याकडे वेगळा आहे ते आधीच कळेल.

तुझी,
रीना

•

कोंढा
२१ जानेवारी २०२५

रीना,

जय भीम. पत्रं मिळाली. पेपरही मिळाले. तू पास झालीस, अभिनंदन. हे मनापासून लिहायचं म्हणून इतके दिवस थांबले. अजून पूर्ण मनापासून येत नाही, पण लिहून टाकते.

बाबांना सांगितलं. आम्ही पारीवरूनच घरी येत होतो.

“बाबा, तिकडं पार म्हणजे झाडाचा ओटा.”

“कोणत्या झाडाचा?”

“वडाचा, पिंपळाचा.”

“अन् तलावाच्या पारीले काय म्हणतेत मंग?”

“बांध.”

“बांध त वावराचा रायते.” बाबा पायाखाली बघत थोडं चालले. “मंग तू त्यायले सांगितलं काहून नाही, का आमच्याकडं असं म्हणतेत?”

“मुदत गेली, बाबा.”

“शब्दाची मुदत जाते का व?”

तुझ्याबद्दल काही सांगितलं नाही. ते तुला अजून “तुमसरची हुशार पोरगी” म्हणतात.

तू पाठवलेले पेपर मी ताडून बघितले. तिथेच बिघडलं. तू चांगल्यासाठी पाठवलेस, हे मला कळतं. पडवी म्हणजे आमची छपरी. सोपा म्हणजे बसायची जागा. मी तर सोपा म्हणजे अवघड नसलेला इतकंच समजत होते. आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, “सोपा घर? मंग अवघड घर कोणाचं?” तेव्हा दोघी हसलो. पण त्यानंतर मला घरातली प्रत्येक गोष्ट दोन नावांची दिसू लागली. स्वयंपाक करताना मी चुलीकडे बघायचे आणि वाटायचं, हिलाही तिकडे दुसरं काही म्हणत असतील आणि मला कोणी सांगितलेलं नसेल.

परीक्षा परवा झाली. प्रश्न साधा होता. शाळेजवळच्या घरात बालवाडीसाठी दोन खोल्या वाढवायच्या, अंगणासह. ‘अंगण’ वाचलं आणि मी थांबले. अंगण म्हणजे अंगणच ना? का त्यांच्याकडे ते घराच्या मागे असतं? मधे असतं? पारीच्या वेळीही मला अशीच खात्री होती. शेवटी मी हात वर केला.

“मॅडम, अंगण घराच्या पुढं असतं का मागं?”

पर्यवेक्षिका बाईंनी माझ्या ओळखपत्राकडे बघितलं. “मराठीच आहात ना तुम्ही?”

मागच्या बाकावर कोणी तरी हसलं. मी अंगण पुढे काढलं, खोडलं, बाजूला काढलं, पुन्हा पुढे आणलं. मग ‘ओटा’. मग ‘विहीर’. विहिरीवरसुद्धा मला शंका आली, रीना. घंटा झाली तेव्हा भिंती झाल्या होत्या, छप्पर राहिलं होतं. कागद मी तसाच दिला.

बाबा बाहेर उभे होते. म्हणाले, “काढलं का सारं?” मी हो म्हटलं. येताना बसमध्ये त्यांनी शेजारच्या माणसाला सांगितलं, पोरगी सहीवाली होऊन राहिली.

खुशबू

•

पुणे
४ मार्च २०२५

प्रिय खुशी,

निकाल पाहिला. बेचाळीस. पन्नासच्या जवळ आलीस वगैरे मी लिहिणार नाही.

रागावू नकोस, पण ऐक. अभ्यासिकेचा नकाशा मला पाठव. माझ्या परवान्यावर सही करते. एक रेषही बदलणार नाही. खाली तुझं नाव लिहीन. मार्चअखेर फार लांब नाही, आणि ठेकेदाराचा नकाशा लागला तर तिथे काय उभं राहील ते तुलाही माहीत आहे. पत्र्याची एक लांब खोली, एक दार.

हे मी माझं मन हलकं करायला करते आहे, असं तुला वाटेल. तसंही असेल. तरी पाठव.

जूनच्या परीक्षेचा अर्जही सोबत आहे.

तुझी,
रीना

•

कोंढा
२ एप्रिल २०२५

रीना,

जय भीम. सही झालेला नकाशा मिळाला. मुदतीच्या आत जमाही झाला.

पाठवायचा की नाही यावर मी चार दिवस जेवले नाही नीट. मग बाबांनीच कपाटावरून गुंडाळी काढली आणि पोस्टात नेऊन दिली. निकाल त्यांना मी सांगितला नव्हता. कोणी सांगितला तेही त्यांनी सांगितलं नाही. फक्त म्हणाले, “नकाशा त पास हाय ना? मंग त्याले काहून घरी ठेवतेस?”

तू कोपऱ्यात लिहिलं होतंस, ‘आराखडा : खुशबू मंगरू मेश्राम’. ते ठेवता आलं नाही. त्या चौकटीत फक्त परवानाधारकाचं नाव चालतं. जमा करून घेणारे बाबू चांगले होते, त्यांनी ब्लेड दिलं. मी शाई हलक्या हातानं खरवडून काढली. कागद फाटला नाही.

रविवारी विहारात बैठक झाली. समितीचे सचिव लिलाधरभाऊ यांनी नकाशा भिंतीवर लावला आणि काठीनं एकेक जागा दाखवली. खाली नाव तुझं, म्हणून नकाशाही तुझाच असं सगळ्यांनी धरलं; कपाटावरची गुंडाळी तर कोणी उघडी पाहिलेलीच नव्हती. मागच्या बाजूनं मी एक वेगळं दार दिलं आहे, कारण पुढे पानठेला आहे आणि तिथे बसलेल्या पोरांसमोरून मुली येत नाहीत. हातपाय धुवायची जागा दाराबाहेर घेतली आहे, म्हणजे धान रोवण्याच्या दिवसांत चिखलाच्या पायांनी आलेल्या बाईला आत यायला संकोच वाटणार नाही. उषाबाई पदर सावरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “मायबाई, ह्या पुण्याच्या मॅडमले कसं मालूम, का आपल्या पोरी ठेल्यासमोरून याले लाजतेत?”

“मोठे लोक रायतेत, त्यायले सारं मालूम रायते,” कोणी तरी म्हणालं.

तुलारामकाका माझ्याकडे वळले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. “पाय बेटा, नकाशा असा रायते. तू बी शिकशील. धीर धर.”

बाबांनी तोंड उघडलं. मी त्यांच्याकडे बघून नको अशी मान हलवली. सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग सही काहून नाही? आणि मग पार, आणि अंगण, आणि सगळ्यांपुढे ते दोन निकाल. तेवढं बळ माझ्यात नव्हतं. बाबा एवढंच म्हणाले, “माह्या पोरीची मैत्रीण हाय ते. एकाच वर्गात होत्या.” लोकांनी माना डोलावल्या. टाळ्याही वाजवल्या. या वेळी मीही वाजवली.

जूनचा अर्ज भरलेला नाही. नाव, पत्ता, जन्मतारीख लिहून झाली. ‘माध्यम’ या रकान्यापाशी हात थांबला. इंग्रजी लिहावं तर ज्यांच्यासाठी शिकले ते सुटतात. मराठी लिहावं तर कुठली? मुदत उद्यापर्यंत आहे. पेन शेजारीच आहे, आणि मी हे पत्र लिहिते आहे.

चौदा एप्रिलला पायाभरणी आहे. पहिली वीट तुझ्या हातून ठेवायची असं समितीनं ठरवलं आहे. निमंत्रण लिहायचं काम माझ्याकडे आलं. ते वेगळ्या पाकिटातून येईल, त्यात ‘अवश्य यावे’ असं लिहिलेलं असेल.

येऊ नकोस, रीना. आलीस तर लोक तुला त्या दाराबद्दल विचारतील, आणि तू खरं सांगशील. तू उशिरा का होईना, सांगतेसच. बाबांना मी गप्प बसवलं आहे. तुला बसवता येणार नाही.

खुशबू